अमेरिकी परराष्ट्र खात्याचं मोफत दस्तऐवज-दालन: नागपुरात बसून वापरावं कसं आणि विश्वास ठेवावा किती

जून 2025 मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर अमेरिकी बॉम्ब पडले. ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचं अमेरिकी शुल्क 50 टक्क्यांवर गेलं. अशी बातमी आली की बर्डी, धरमपेठ, महालातल्या अभ्यासिकांमध्ये लगेच पीडीएफ नोट्स फिरू लागतात. त्यातला ‘पार्श्वभूमी’ नावाचा परिच्छेद सगळ्यात कच्चा असतो. 1953 चं इराणमधलं बंड एका ओळीत, 1971 चं अमेरिकेचं सातवं आरमार एका ओळीत, पीएल-480 या अमेरिकी कायद्याखाली आलेला गहू एका ओळीत. ही ओळ कोणी, कशाच्या आधारावर लिहिली, हे विचारलं तर उत्तर मिळत नाही.

या ओळींमागचे मूळ कागद अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानेच छापलेले आहेत: राजदूतांच्या तारा, अध्यक्षांपुढे ठेवलेली टिपणं, बैठकांची इतिवृत्तं, फोनवरच्या संभाषणांच्या नोंदी. त्या खात्याचं ‘ऑफिस ऑफ द हिस्टोरियन’ नावाचं कार्यालय आहे आणि त्यांची ‘फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स’ ही दस्तऐवज-मालिका आहे. अभ्यासक तिला आद्याक्षरांवरून ‘फ्रस’ म्हणतात. संकेतस्थळाचा पत्ता हिस्टरी डॉट स्टेट डॉट गव्ह. नावनोंदणी नाही, फी नाही, ‘तीन पानं फुकट, बाकी पैसे भरा’ असला प्रकार नाही. अमेरिकी सरकारी प्रकाशन असल्यामुळे त्यावर तिथल्या कायद्याने कॉपीराइटही नाही. म्हणजे वर्गात वाटायला, भाषांतर करायला, छापायला कोणाची परवानगी लागत नाही.

आधी निकाल सांगतो. 1945 ते 1980 या काळासाठी हे दालन पाचपैकी पाच गुणांचं आहे आणि त्या तोडीचं दुसरं काही घरबसल्या मिळत नाही. 1861 ते 1945 साठी चार. आजच्या घडामोडींसाठी थेट उपयोग जवळपास शून्य, पण आजची घडामोड समजायला जी मागची पन्नास-सत्तर वर्षं लागतात, ती इथेच आहेत. आणि हे सगळं एका बाजूचं कपाट आहे, हे एक क्षणही विसरायचं नाही.

मालिका सुरू झाली 1861 मध्ये, लिंकन अध्यक्ष आणि सेवर्ड परराष्ट्रमंत्री असताना. आजवर साडेचारशेहून जास्त खंड निघालेत आणि ते सगळे संकेतस्थळावर आहेत. पण खंड कसे लावलेत हे न कळल्यामुळे नवा माणूस पहिल्याच दिवशी कंटाळतो. 1951 पर्यंतचे खंड साधारण वर्षवार आहेत. 1952 पासून 1960 पर्यंत तीन-तीन वर्षांचे गट. पुढे केनेडी 1961–63, जॉन्सन 1964–68, निक्सन-फोर्ड 1969–76, कार्टर 1977–80, रेगन 1981–88, असे अध्यक्षांच्या कारकिर्दीनुसार. प्रत्येक गटात प्रदेश किंवा विषयाप्रमाणे क्रमांकित खंड. 1971 चं युद्ध हवं असेल तर ‘1971’ नावाचा खंड शोधून काही मिळणार नाही. ‘1969–1976, खंड 11, दक्षिण आशिया संकट, 1971’ उघडावा लागतो. तो 2005 मध्ये निघाला आणि त्यात तीनशेहून जास्त दस्तऐवज आहेत. त्याला जोडून ‘ई-7’ हा फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला खंड आहे, 1969 ते 72 च्या दक्षिण आशियावरचा. ‘ई’ असलेले खंड छापील संचात नाहीत, त्यामुळे ग्रंथालयाच्या कॅटलॉगवर विसंबलेली मंडळी ते हमखास चुकवतात. निक्सनच्या कार्यालयातल्या ध्वनिफितींवरून उतरवलेली भारतविषयक संभाषणं याच ई-7 मध्ये आहेत.

आणखी एक खाचखळगा. स्वातंत्र्याआधीचा आणि 1947 चा भारत ‘दक्षिण आशिया’खाली सापडत नाही. तो ‘ब्रिटिश कॉमनवेल्थ’च्या कप्प्यात आहे. 1942 साठी त्या वर्षाचा खंड 1, 1947 साठी खंड 3. 1948 चा काश्मीर मात्र ‘निअर ईस्ट, साउथ एशिया, आफ्रिका’ या खंड 5 मध्ये गेला. वॉशिंग्टनच्या कार्यालयीन रचनेत भारत ज्या टेबलाकडे होता, त्याच टेबलाच्या खंडात त्याचे कागद. हे एकदा डोक्यात बसलं की शोधाशोध निम्मी होते.

आता एक दस्तऐवज जवळून बघू, कारण या दालनाची खरी किंमत दस्तऐवजाच्या अंगात आहे, यादीत नाही. 1971 च्या खंड 11 मधला क्रमांक 19. ढाक्यातल्या अमेरिकी महावाणिज्य दूतावासाने 6 एप्रिल 1971 रोजी वॉशिंग्टनला पाठवलेली तार. वीस अमेरिकी अधिकाऱ्यांनी आपल्याच सरकारच्या पूर्व पाकिस्तानविषयक धोरणाला लेखी विरोध नोंदवला आणि महावाणिज्य दूत आर्चर ब्लड यांनी त्याला आपला पाठिंबा जोडून तो पुढे पाठवला. विषयाची ओळख नोट्समध्ये एवढीच असते. इथे बघायचं ते असं.

सगळ्यात वर प्रेषक, प्राप्तकर्ता, ठिकाण, तारीख आणि वेळ: 0730, पुढे झेड हे अक्षर. झेड म्हणजे ग्रिनिच वेळ. नागपूरच्या घड्याळासाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे दुपारी 1. ढाक्यात तेव्हा दीड वाजले होते आणि वॉशिंग्टनमध्ये पहाटेचे अडीच. हा हिशोब किरकोळ वाटतो, पण डिसेंबर 1971 च्या युद्धात तो केला नाही तर आधीची घटना नंतरची वाटते. 3 डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने भारतीय विमानतळांवर हल्ला केला तेव्हा वॉशिंग्टनमध्ये सकाळ होती. त्याच दिवशीच्या सकाळच्या बैठकीचं इतिवृत्त वाचणारा विद्यार्थी ‘हल्ल्याआधीच बैठक झाली’ असं लिहून मोकळा होतो.

मजकुराखालची पहिली तळटीप हा दस्तऐवजाचा सातबारा. मूळ कागद कुठल्या संग्रहात, कुठल्या पेटीत आहे, त्यावर गोपनीयतेचा कुठला शिक्का होता, तो किती घाईने पाठवला आणि कोणाकोणाला दाखवायचा होता, हे सगळं तिथे असतं. टॉप सीक्रेट, सीक्रेट, कॉन्फिडेन्शियल ही उतरंड सगळ्यांना कळते. त्यापुढचे शब्द कळत नाहीत. ‘नोडिस’ म्हणजे ठरलेल्या मोजक्या माणसांपलीकडे वाटायचा नाही, ‘एक्सडिस’ म्हणजे त्याहून थोडा सैल, ‘लिमडिस’ आणखी सैल. ‘फ्लॅश’ ही घाईची सर्वांत वरची पायरी. ‘नियाक्ट’ लिहिलं असेल तर रात्रीच कारवाई हवी, सकाळची वाट बघू नका. ढाक्याच्या त्या तारेवर शिक्का होता कॉन्फिडेन्शियल, म्हणजे उतरंडीत खालचा. त्यामुळे ती खात्यात बऱ्याच टेबलांवर वाचली जाऊ शकत होती, आणि वरिष्ठांच्या संतापाचं ते एक मोठं कारण होतं. हा मुद्दा तळटीप वाचल्याशिवाय लक्षात येत नाही.

त्याच खंडातला क्रमांक 36 लगेच नंतर वाचावा. 28 एप्रिल 1971 चं, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांचं अध्यक्ष निक्सन यांना टिपण. पाकिस्तानबाबत तीन पर्याय मांडलेत: पाकिस्तानचे लष्करी अध्यक्ष याह्या खान जे करतील त्याला पूर्ण पाठिंबा, खरीखुरी तटस्थता, किंवा पूर्व पाकिस्तानातलं युद्ध संपवून राजकीय तडजोड करायला याह्यांना मदत. निक्सन यांनी तिसऱ्यावर सही केली आणि खाली हाताने लिहिलं की सध्या याह्यांवर दबाव आणू नका. त्यातल्या ‘नका’खाली रेघा ओढल्या. टिपणाचा छापील मजकूर वाचणाऱ्याला वाटतं की अमेरिकेने मधला मार्ग घेतला. हस्ताक्षर वाचणाऱ्याला खरं धोरण कळतं. संपादकांनी हे हस्ताक्षर तळटिपेत दिलंय. कारणही त्याच खंडात पानोपानी आहे: पाकिस्तानमार्फत चीनशी गुप्त संपर्क चालू होता आणि जुलैमध्ये किसिंजर पाकिस्तानातूनच गुपचूप पेकिंगला गेले. परीक्षेत ‘अमेरिकेचा पाकिस्तानकडे झुकाव’ यावर 15 गुणांचं उत्तर लिहायचं असेल, तर 19 आणि 36 हे दोन क्रमांक, 10 डिसेंबरची न्यू यॉर्कमधली किसिंजर आणि चीनचे प्रतिनिधी ह्वांग ह्वा यांची भेट, आणि ‘वॉशिंग्टन स्पेशल अ‍ॅक्शन्स ग्रुप’ या संकटकाळच्या वरिष्ठ समितीची डिसेंबरमधली इतिवृत्तं, एवढं पुरतं. चाळीस पानांच्या क्लास-नोट्सपेक्षा हे वाचन कमी वेळ घेतं.

ध्वनिफितींबद्दल एक सावधगिरी. निक्सन यांची ध्वनिमुद्रण यंत्रणा फेब्रुवारी 1971 मध्ये सुरू झाली आणि जुलै 1973 मध्ये बंद पडली. त्याआधीच्या संभाषणांचं फक्त टिपण मिळतं, म्हणजे कोणीतरी नंतर लिहिलेला सारांश. 4 नोव्हेंबर 1971 ला इंदिरा गांधी आणि निक्सन भेटले, त्या भेटीचं सभ्य टिपण खंड 11 मध्ये आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी निक्सन आणि किसिंजर त्यांच्याबद्दल आपसात काय बोलले ते ई-7 मध्ये. दोन्ही जवळ ठेवून वाचलं की सारांश आणि प्रत्यक्ष बोलणं यात केवढं अंतर असू शकतं ते दिसतं. ज्या काळाच्या फिती नाहीत, त्या काळाची टिपणं वाचताना हे अंतर मनात धरून चालावं.

आता या दालनातली खोट. मजकुरात अधूनमधून चौकटी कंसात तिरप्या अक्षरांत लिहिलेलं असतं की इथल्या अमुक ओळी खुल्या केलेल्या नाहीत. घाईने वाचणारा ते ओलांडून जातो. तसं करू नये. किती ओळी गेल्या आणि कुठून गेल्या, हीसुद्धा माहितीच आहे. 7 डिसेंबर 1971 चा सीआयएचा अहवाल घ्या. इंदिरा गांधींच्या युद्धविषयक उद्दिष्टांबद्दलची ती बातमी होती आणि भारत पश्चिम पाकिस्तानही मोडायला निघाला आहे, असा अर्थ निक्सन-किसिंजर यांनी तिच्यातून काढला. अमेरिकी आरमार बंगालच्या उपसागराकडे हलवण्यामागे तो समज मोठा होता. बातमी कोणी दिली तो भाग मात्र झाकलेला आहे. त्यामुळे अहवाल होता, तो वाचला गेला आणि त्यावर निर्णय झाले, एवढंच खात्रीने लिहावं. बातमी देणारा दिल्लीतला माणूस कोण यावर नावानिशी जे लिहिलं जातं त्याला या कागदांचा आधार नाही.

एक-दोन ओळी झाकणं वेगळं, अख्खं प्रकरण गाळणं वेगळं. इराणचं उदाहरण प्रत्येक वापरकर्त्याने माहीत करून घ्यायलाच हवं. 19 ऑगस्ट 1953 ला पंतप्रधान मोसादेक यांचं सरकार उलथवलं गेलं, त्यात सीआयए आणि ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा हात होता. परराष्ट्र खात्याने 1989 मध्ये त्या काळाचा इराण खंड काढला आणि त्यात सीआयएच्या भूमिकेचे कागदच नव्हते. इतिहासकार भडकले. मालिकेच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष वॉरन कोहेन यांनी 1990 मध्ये राजीनामा दिला. त्यातून 28 ऑक्टोबर 1991 चा कायदा झाला: ही मालिका सखोल, अचूक आणि विश्वासार्ह असली पाहिजे आणि घटनेनंतर तीस वर्षांच्या आत खंड निघाला पाहिजे. इराणचा दुरुस्त खंड यायला त्यानंतरही 2017 साल उजाडलं.

इथे व्यवहारातली अडचण अशी की दोन्ही खंड आज संकेतस्थळावर आहेत आणि नावं जवळपास सारखी आहेत. जुन्याला क्रमांक आहे: ‘1952–1954, खंड 10, इराण, 1951–1954’. नव्याला खंड क्रमांक नाही, नुसतं ‘इराण, 1951–1954’. डाउनलोड करण्याआधी प्रकाशनाचं साल बघा. 1989 असेल तर तो बंडाविषयी गप्प असलेला खंड आहे. तो वाचून ‘अमेरिकी कागदांत सीआयएचा पुरावा नाही’ असं कोणी लिहिलं तर उत्तर चुकतं, आणि जून 2025 मध्ये फोर्दो, नतान्झ, इस्फहानवर हल्ले झाल्यावर तेहरानमधून 1953 चं नाव का निघालं तेही कळत नाही. ग्वाटेमालाच्या 1954 च्या सत्तापालटाचंही असंच झालं. त्या प्रकरणाचा पुरवणी खंड 2003 मध्ये आला.

तरीही एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. आपल्याच हेरखात्याने दुसऱ्या देशाचं सरकार पाडलं, याचे कागद स्वतःच्या सरकारी शिक्क्यानिशी छापायला कायद्याने भाग पाडणारे देश फार थोडे आहेत.

विदर्भातल्या वाचकाने कुठून सुरुवात करावी? दोन जागा सुचवतो. पहिली शेतीची. 1954 चा पीएल-480 कायदा, आणि 4 मे 1960 चा करार, ज्यावर भारताकडून तेव्हाचे अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनमध्ये सही केली: चार वर्षांत 1 कोटी 60 लाख टन गहू आणि 10 लाख टन तांदूळ. पैसे रुपयांत द्यायचे, म्हणून तेव्हा ते वरदान वाटलं. 1965 पासून जॉन्सन यांनी दोर आवळला. मोठा करार करण्याऐवजी थोडा-थोडा गहू मंजूर करायचा, आणि बदल्यात भारताने शेतीधोरण बदलावं, व्हिएतनामवर बोलणं कमी करावं. नोव्हेंबर 1965 मध्ये भारताचे अन्न व कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांची रोममध्ये भेट झाली. जून 1966 मध्ये रुपया डॉलरला 4.76 वरून 7.50 वर घसरवला गेला. हे सगळं 1964–68 च्या खंड 25 मध्ये आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं त्याच काळाच्या खंड 9 मध्ये, आंतरराष्ट्रीय विकास आणि आर्थिक संरक्षण धोरणाखाली. एकच खंड वाचला तर हा निव्वळ भारत-अमेरिका रुसवा वाटतो. दुसरा वाचला की अमेरिकेतले धान्यसाठे आटत चालले होते, हे कारणही समोर येतं. रुपयांत साचलेल्या त्या रकमेचं पुढे काय झालं? फेब्रुवारी 1974 मध्ये अमेरिकेने 1,664 कोटी रुपये भारताला परत सोडले आणि राजदूत मॉयनिहन यांनी तसा धनादेशच दिला.

कापसाचा धागा तर मालिकेच्या पहिल्या खंडापर्यंत जातो. एप्रिल 1861 मध्ये अमेरिकी यादवी युद्धात लिंकन यांनी तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी केली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला भाव चढला. लंडनमधले अमेरिकी दूत चार्ल्स फ्रान्सिस अ‍ॅडम्स यांची त्या वर्षांची पत्रं या खंडांत आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने शुल्क वाढवलं त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क काढलं आणि यवतमाळ-वर्ध्याचा शेतकरी भावाच्या चिंतेत पडला. वॉशिंग्टनच्या निर्णयाने इथल्या बोंडाचा भाव हलण्याची ही पहिली वेळ नाही, हे दाखवायला 1861 ते 65 चे खंड कामाचे आहेत. भाषा मात्र जड आहे, संदर्भ-तळटिपा तुरळक आहेत आणि भारताबद्दल थेट मजकूर कमी. म्हणूनच त्या काळाला चार गुण.

दुसरी जागा तारापूर. अणुभट्ट्या 1969 मध्ये सुरू झाल्या, इंधन अमेरिकेने पुरवायचं असा 1963 चा करार. पोखरणनंतर आणि 1978 च्या अण्वस्त्र-प्रसारबंदी कायद्यानंतर त्यावर पाणी पडायला लागलं. सप्टेंबर 1980 मध्ये 38 टन इंधनाचा प्रश्न अमेरिकी संसदेत गेला. प्रतिनिधीगृहाने नकार दिला, सिनेटने 48 विरुद्ध 46 मतांनी कार्टर यांची इंधन देण्याची बाजू सावरली. कार्टर काळाचा खंड 19, दक्षिण आशिया, आणि खंड 26, शस्त्रनियंत्रण, हे दोन्ही उघडे ठेवून वाचलं तर 2008 च्या अणुकरारात इंधनाच्या हमीवर भारत इतका का अडून बसला, याचं उत्तर मिळतं.

आणि एक कागद असा आहे की नागपूरच्या प्रत्येक इतिहास-शिक्षकाने वर्गात वाचून दाखवावा. 1942 च्या खंड 1 मध्ये 1 जुलै 1942 चं पत्र आहे. ठिकाण: सेवाग्राम, वर्धामार्गे. लिहिणारे मोहनदास गांधी, वाचणारे अध्यक्ष रुझवेल्ट. अमेरिकी पत्रकार लुई फिशर यांच्या हाती ते गेलं. गांधी थोरो आणि इमर्सन यांचं ऋण मान्य करतात, आणि मग स्पष्ट सांगतात की भारत आणि आफ्रिकेचं शोषण चालू असताना, आणि अमेरिकेच्या स्वतःच्या घरात कृष्णवर्णीयांचा प्रश्न असताना, स्वातंत्र्यासाठी लढत असल्याची दोस्तांची घोषणा पोकळ वाटते. त्याच पत्रात व्यवहाराचा प्रस्तावही आहे: स्वतंत्र भारताशी करार करून दोस्तांचं सैन्य जपानविरुद्ध इथे राहू शकतं. महिना-दीड महिन्यात चिमूर आणि आष्टी पेटले. ‘छोडो भारत’ म्हणजे युद्धकाळात दोस्तांना दगा, असा आरोप तेव्हा झाला. त्याला इथून ऐंशी किलोमीटरच्या आतल्या आश्रमातून आधीच लिहून गेलेलं उत्तर अमेरिकी सरकारच्याच संग्रहात छापलेलं आहे.

शोधपेटी वापरताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. शब्द इंग्रजी लिपीतच टाकावा लागतो आणि तोही त्या काळच्या स्पेलिंगने. आजचं नवं स्पेलिंग टाकून ढाका, कोलकाता, मुंबई, बीजिंग शोधलं तर 1971 चे कागद निसटतात. डॅक्का, कलकत्ता, बॉम्बे, पेकिंग असं टाकावं. इंदिरा गांधी बहुतेक ठिकाणी ‘मिसेस गांधी’ आहेत. यशवंतराव चव्हाण शोधताना नुसतं आडनाव टाका. संरक्षणमंत्री म्हणून मे 1964 ची त्यांची अमेरिका भेट आणि परराष्ट्रमंत्री म्हणून किसिंजर यांच्याशी झालेल्या भेटी वेगवेगळ्या खंडांत आहेत, पहिली खंड 25 च्या काळात, दुसऱ्या ई-8 च्या. तारांमधल्या ‘जीओआय’चा अर्थ भारत सरकार. ‘जीओपी’ दिसलं तर रिपब्लिकन पक्ष समजू नका, ते पाकिस्तान सरकार आहे. ‘एनईए’ हा खात्यातला विभाग, भारत त्याच्याकडे होता. ‘रेफटेल’ म्हणजे संदर्भातली तार, ‘सेपटेल’ म्हणजे याविषयी वेगळी तार पाठवतोय. प्रत्येक खंडाच्या सुरुवातीला संक्षेपांची आणि व्यक्तींची यादी असते. ती आधी झेरॉक्स काढून शेजारी ठेवावी. अख्ख्या खंडाची झेरॉक्स काढण्यात मात्र पैसे घालू नयेत, बहुतेक पानं लागत नाहीत.

मोबाइलवर वाचणाऱ्यांसाठी बऱ्याच खंडांच्या ईपब आणि पीडीएफ प्रती आहेत. ईपब घ्यावी, अक्षर मोठं करता येतं आणि तळटिपेवर बोट ठेवलं की ती उघडते. अभ्यासिकेतलं वायफाय रेंगाळलं तरी उतरवलेली प्रत चालते. फक्त ईपबमध्ये पानांचे क्रमांक धरून चालू नये. विद्यापीठात प्रबंध सादर करणाऱ्यांनी म्हणून पान न देता खंड आणि दस्तऐवज क्रमांक द्यावा. तोच या मालिकेचा मान्य रिवाज आहे. संकेतस्थळावरच्या प्रत्येक दस्तऐवजाच्या पत्त्याच्या शेवटी डी हे अक्षर आणि क्रमांक असतो. क्रमांक बदलला की थेट तो दस्तऐवज उघडतो. शोधपेटीपेक्षा हे जलद पडतं.

वाचनाचा क्रमही सांगतो, कारण पहिल्या पानापासून सलग वाचायला घेणारे तिसऱ्या दिवशी सोडून देतात. आधी प्रस्तावना, कारण निवडीचा निकष आणि किती मजकूर झाकला याचा हिशोब तिथे असतो. मग दस्तऐवजांची यादी वरून खाली, फक्त शीर्षकं आणि तारखा. मग संपादकीय टिपणं. जिथे मूळ कागद छापलेला नाही तिथे संपादकांनी सारांश दिलेला असतो आणि घटनांचा क्रम त्यावरून पक्का होतो. त्यानंतर निवडक पंधरा-वीस दस्तऐवज. संपादकीय टिपण मूळ दस्तऐवज म्हणून उद्धृत करू नये, ही चूक शोधनिबंधांत सर्रास दिसते.

त्याच संकेतस्थळावर ‘माइलस्टोन्स’ नावाचा सोप्या निबंधांचा विभाग आहे आणि नोट्सवाले तोच उचलतात. तो विभाग आता निवृत्त केलाय, त्याची देखभाल होत नाही, अशी सूचना कार्यालयानेच तिथे लावलेली आहे. तारखा ताडून बघायला ठीक, उत्तराचा आधार म्हणून नको. अध्यक्षांच्या परदेश दौऱ्यांची देशवार यादी मात्र उत्तम. भारताची यादी उघडली की 1978 मधले कार्टर आणि 2000 मधले क्लिंटन यांच्यामध्ये बावीस वर्षं कोणीच आलं नाही, हे एका नजरेत दिसतं.

दुसरी बाजू कुठे वाचायची? भारत सरकारच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आहे, तिथे नोंदणी करून परराष्ट्र मंत्रालयाच्या जुन्या फायली बघता येतात. आपल्या 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली पंचवीस वर्षांनंतर कागद अभिलेखागाराकडे जायला हवेत. प्रत्यक्षात 1971 सारख्या विषयांवर दिल्लीची बाजू अजूनही विरळ आहे. याचा परिणाम गंभीर आहे. भारत काय विचार करत होता, हेसुद्धा आपण अमेरिकी राजदूताने ऐकलं आणि वॉशिंग्टनला कळवलं त्यावरून शिकतो. राजदूताला काय सांगायचं हे दिल्लीत ठरवूनच सांगितलं जात असे. म्हणून ‘भारताची भूमिका’ असं लिहिण्याऐवजी ‘अमेरिकी राजदूत कीटिंग यांच्या तारेनुसार भारताची भूमिका’ असं लिहावं. परीक्षक जाणकार असेल तर या एका वाक्यरचनेनेच उत्तर वेगळं दिसतं. खंडात न छापलेल्या 1973 ते 79 च्या हजारो तारा अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर सुट्या मिळतात, आणि झाकलेल्या ओळींच्या अधिक खुल्या आवृत्त्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ‘नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्ह’ने मिळवलेल्या असतात. नावात नॅशनल असलं तरी ती सरकारी संस्था नाही.

तीस वर्षांची कायदेशीर मुदत पाळली जात नाही, ही या सेवेबद्दलची सगळ्यात रास्त तक्रार. रेगन काळाचे खंड अजून एकेक करून येत आहेत, सोव्हिएत संघ कोसळतानाचे त्यामागे उभे आहेत. गुप्तहेर आणि संरक्षण खात्यांची मंजुरी मिळेपर्यंत तयार खंडही अडकून पडतो. संकेतस्थळावर मालिकेच्या सद्यस्थितीचं एक पान आहे, कुठला खंड संशोधनात, कुठला मंजुरीत आणि कुठला प्रकाशनाच्या वाटेवर हे त्यावर लिहिलेलं असतं. अफगाणिस्तान किंवा राजीव गांधी काळावर काम करणाऱ्यांनी विषय नोंदवण्याआधी ते पान बघावं, आणि खंड मंजुरीत अडकलेला दिसला तर विषयाची कालमर्यादा 1980 पर्यंत आणावी.